अरुंद गावरस्त्यावर सायकल आणि गाडी भेटली की कोणी, कुठे, कसं थांबायचं: गिरणारे, मुंगसरे, पहिने साइडला जाणाऱ्या दोघांसाठीही

नाशिकचा गंगापूर रोड संपला आणि गोवर्धनच्या पुढे आत वळलं की रस्ता एकदम आकसतो, आणि आपली मात्र शहरातली सवय आकसत नाही. गाडीवाला हायवेसारखा ओव्हरटेक करायला बघतो, सायकलवाला हायवेसारखा कडेला चिकटतो, आणि दोघांनाही वाटतं आपण बरोबरच वागतोय. घोळ तिथेच होतो. अरुंद रस्त्यावर ओव्हरटेक असं काही नसतंच, तिथे असतं साईड देणं आणि साईड घेणं, म्हणजे एकजण थांबतो किंवा अगदी हळू होतो आणि दुसरा जातो. कोणी थांबायचं आणि कुठे थांबायचं हे दोघं जवळ येण्याच्या आधी ठरलं पाहिजे. जवळ आल्यावर ठरवायला गेलात की मग ब्रेक, शिव्या आणि चारीत गेलेली सायकल.

खाली क्रमाने लिहिलंय. सायकलवाल्याने गाडीवाल्याचा भाग पण वाचा आणि गाडीवाल्याने सायकलवाल्याचा, कारण समोरचा असा का वागतोय ते कळलं की निम्मा राग तिथेच जातो.

आधी थोडं गणित

एकेरी, म्हणजे एकाच लेनच्या, गावरस्त्याचं डांबर साधारण 3.75 मीटर रुंद असतं, आतल्या छोट्या रस्त्यांना 3 मीटर सुद्धा. साधी हॅचबॅक आरशांसकट दोन मीटरच्या आसपास जाते. एसटी अडीच मीटर धरा. सायकलवाला हँडल, कोपर आणि थोडं डावं-उजवं हलणं धरून एक मीटर घेतो.

आता बेरीज करा. गाडी आणि सायकल मिळून तीन मीटर झाले, उरलं पाऊण मीटर, आणि त्या पाऊण मीटरमध्ये दोघांमधलं अंतर पण आलं आणि दोन्ही बाजूच्या डांबराच्या कडा पण आल्या. एसटी असेल तर उरतं वीतभर. आणि रस्ता 3 मीटरचाच असेल तर काहीच उरत नाही. सायकलच्या बाजूने जाताना दीड मीटर अंतर ठेवा असं जे सगळे सांगतात ते चांगलंच आहे, पण डांबरावर राहून ते इथे बसतच नाही. म्हणजे कोणाचं तरी चाक साईडपट्टीवर जाणार किंवा कोणीतरी थांबणार. तिसरा मार्ग नाही, आणि "जाऊन बघू, बसेल" हा तर मार्गच नाही.

टप्पा 1: निघायच्या आधी

सायकलवाल्यांसाठी. मागचा लाल लाईट दिवसा पण चालू ठेवा, ब्लिंक मोडवर. द्राक्षबागा आणि झाडांच्या सावल्यांचा रस्ता असतो, एक पट्टा ऊन एक पट्टा सावली, त्यात गडद जर्सी घातलेला माणूस अक्षरशः गायब होतो. पुढचा पांढरा लाईट पण लावा, तो थोडा खाली झुकवून. हँडलला आरसा लावायला बरेच जण लाजतात, रोड बाईकवर शोभत नाही म्हणून. लावा. अरुंद रस्त्यावर मागे वळून बघताना सायकल हमखास उजवीकडे सरकते आणि नेमकं तेच तुम्हाला नकोय.

टायर फार बारीक असतील (23 किंवा 25 मिमीचे) तर एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, चालत्या सायकलवरून साईडपट्टीवर उतरायचं नाही. रुंद टायरवाला एखादवेळेस उतरेल, तुम्ही नाही. क्लीट (बूट पेडलला अडकवणारी पट्टी) वापरत असाल तर डावा पाय पटकन सुटतोय का ते घराजवळच करून बघा, कारण इथे थांबताना पाय नेहमी डाव्या बाजूलाच टेकवायचा.

इअरफोन दोन्ही कानातून काढा, एकही नको. या रस्त्यांवर डोळ्याच्या आधी कान सांगतो की मागे काय येतंय. पिकअपचा आवाज, ट्रॅक्टरचा आवाज, आणि इलेक्ट्रिक गाडीचा आवाज येतच नाही म्हणून तर आरसा.

गाडीवाल्यांसाठी. काच आतून पुसा, हे फार कोणी करत नाही. बाहेरून वायपर मारतात आणि आतला धुरकट थर तसाच राहतो, मग समोरून ऊन आलं की पूर्ण काच पांढरी. डावा आरसा असा लावा की डावं मागचं चाक आणि डांबराची कड थोडी दिसेल, साईडपट्टीवर उतरताना तोच आरसा कामाला येणार आहे. गाणी हळू. डावीकडची काच चार बोटं उघडी.

पिकअप किंवा छोटा हत्तीत माल भरला असेल तर क्रेट, बांबू, ताडपत्रीचं टोक, दोरी, यातलं काय बाजूला बाहेर येतंय ते एकदा फिरून बघा. गाडी सायकलच्या बाजूने निघून जाते आणि लटकणारी दोरी हँडलमध्ये अडकते. दिसायला छोटी गोष्ट आहे.

> तपासा: सायकलवाल्याचे दोन्ही ब्रेक, मागचा लाईट, आरसा. गाडीवाल्याची काच, डावा आरसा, बाहेर आलेला माल. दोघांचाही फोन खिशात किंवा होल्डरमध्ये, हातात नाही.

टप्पा 2: वेळ आणि मोसम बघून निघा

हा टप्पा लोक सरळ सोडून देतात, आणि खरं तर निम्म्या भानगडी इथेच टळतात.

सकाळचं ऊन. नाशिकहून गिरणाऱ्याकडे जाताना आपण पश्चिमेला जातो, ऊन पाठीवर असतं, मस्त वाटतं. पण परत येताना सूर्य समोर. तुम्हाला त्रास होतो तेवढाच तुमच्या मागून येणाऱ्या ड्रायव्हरला होतो, त्याच्या डोळ्यावर थेट ऊन आहे आणि तुम्ही त्या उजेडात एक काळा ठिपका आहात. त्यामुळे परतीच्या वाटेवर मागचा लाईट जाताना होता त्यापेक्षा जास्त गरजेचा. मागून गाडी ऐकू आली आणि ती हळू होत नाहीये असं वाटलं, तर तिने आपल्याला बघितलेलं नाही असंच समजा.

मोसम. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचा सीझन, दिंडोरी, मोहाडी, जानोरी, मखमलाबाद साइडला पिकअप, आयशर आणि मजुरांच्या गाड्या आतल्या रस्त्यांवर येतात. पावसाळ्यानंतर गिरणाऱ्याकडे टोमॅटोच्या गाड्या सुरू होतात, त्यांना लिलाव गाठायचा असतो आणि उशीर झाला की भाव पडायची भीती, त्यामुळे भरलेली गाडी घाईत असते. रिकामी परत येणारी त्याहून जास्त घाईत. दिंडोरी-निफाड साइडला गाळपाच्या दिवसात उसाच्या डबल ट्रॉल्या, आणि त्यावर मोठ्याने गाणी, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला तुमची घंटी, ओरडणं, गाडीचा हॉर्न काहीही ऐकू जात नाही. दुसरी ट्रॉली वळणावर आत ओढली जाते हे लक्षात असू द्या, ट्रॅक्टर गेला म्हणजे सगळं गेलं असं नाही.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी अंजनेरी, पहिने, त्र्यंबक पट्ट्यात गर्दीच वेगळी. धबधबा दिसला की गाडी जिथे आहे तिथे थांबते आणि दार उघडतं. श्रावणी सोमवारी तिकडे सायकल घेऊन जाण्यात काही मजा नाही असं माझं मत आहे, ज्याला जायचं त्याने जावं. पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंड्या चालत असतात, तेव्हा सायकल आणि गाडी दोघांनीही वारकऱ्यांच्या मागे गपचूप हळू चालायचं, हॉर्न नाही.

थंडीत गंगापूर धरणाजवळ आणि निफाडकडे पहाटे धुकं असतं. समोरचं 30-40 मीटरच दिसत असेल तर आतल्या रस्त्यावर जाऊच नका, तासभर चहा प्या.

टप्पा 3: रस्त्यावर कुठून चालायचं

सायकलवाले बहुतेक इथेच चुकतात, आणि चूक दिसायला शहाणपणासारखी दिसते.

डांबराच्या अगदी कडेवरून चालवू नका. डांबर आणि साईडपट्टी यांच्यात बऱ्याच ठिकाणी चार बोटं ते वीतभर खाच असते. कडेला खडी, बाभळीचे काटे, पावसाळ्यात ट्रॅक्टरने वावरातून आणलेला चिखल. कडेवर असलेला सायकलवाला या सगळ्याला चुकवायला सतत उजवीकडे उडी मारत राहतो, आणि मागच्या गाडीवाल्याला वाटतं हा बावळट वाकडातिकडा चालवतोय. शिवाय तुम्ही कडेला गेलात की मागच्याला वाटतं "चला, जागा दिली", आणि तो घुसतो. जागा तर नव्हतीच, वर बघितलं ना आपण.

एकेरी रस्त्यावर कडेपासून साधारण एक मीटर आत चाला, म्हणजे गाडीचं डावं चाक जिथून जातं त्या चाकोरीत. तिथला रस्ता साफ पण असतो. वळण, मोरी, फरशी पूल, कठडा असलेला भाग, चढाचा माथा, अशा ठिकाणी आणखी आत, अगदी मधे आलात तरी चालेल, म्हणजे तिथे कोणी बाजूने जायचा प्रयत्नच करणार नाही. जागा आली की परत डावीकडे. हे "आत येणं" आणि "बाजूला होणं" सावकाश करा आणि आधी आरशात बघा. अचानक नको.

गाडीवाल्या दादांनो, म्हणून पुढचा सायकलवाला मधे आला तर तो माज करत नाहीये. तो सांगतोय की इथे नको, पुढे देतो.

गाडीचा वेग किती? एकेरी रस्त्याचा एकच हिशोब लक्षात ठेवा, जितका रस्ता समोर दिसतोय त्याच्या निम्म्यात थांबता आलं पाहिजे. निम्म्यात का, तर उरलेला निम्मा समोरून येणाऱ्याला थांबायला लागतो. कोरड्या रस्त्यावर ताशी 40 ला बघण्यापासून थांबेपर्यंत साधारण 25 मीटर जातात, 60 ला 45 च्या आसपास. वळणावर उसामुळे 40 मीटरच दिसत असेल तर निम्मे 20, म्हणजे 40 चा स्पीड सुद्धा जास्तच झाला. माल भरलेला असेल, रस्ता ओला असेल तर आणखी कमी. हा हिशोब उतारावरच्या सायकलवाल्याला पण तसाच लागू आहे बरं का, 45 ने खाली येताना तुमचे ब्रेक गाडीपेक्षा चांगले नाहीत.

> इशारा: ऊस उभा असताना जे वळण आंधळं असतं ते तोड झाल्यावर मोकळं होतं, आणि पुढच्या वर्षी परत आंधळं. "हा रस्ता माझ्या पायाखालचा आहे" या भरवशावर स्पीड ठरवू नका.

टप्पा 4: गाडी मागून आली

क्रम असा.

1. गाडीवाल्याने 50-60 मीटर मागून एकदाच छोटा हॉर्न द्यायचा. लांबून दिला की ती सूचना असते, कानाशी येऊन दाबला की धमकी, आणि दचकलेला सायकलवाला उजवीकडेच वळतो हे कित्येकदा बघितलंय. प्रेशर हॉर्न तर नकोच नको.

2. सायकलवाल्याने ऐकलंय हे दाखवायचं. मान हलवा, हात थोडा वर करा, काहीही. हे न केल्यामुळे मागचा परत परत हॉर्न मारत बसतो, त्याला काय माहीत तुम्ही ऐकलंय.

3. गाडीने सायकलच्या मागे किमान तीन-चार गाड्यांएवढं अंतर ठेवून त्याच स्पीडने चालायचं. इथे धीर लागतो. सायकलचा स्पीड 20 असेल तर अर्धा मिनिट मागे राहिलात म्हणजे दीडेकशे मीटर गेलात, तेवढ्यात एखादी जागा येतेच.

4. सायकलवाल्याने जागा शोधायची आणि त्यानेच ठरवायची, कारण साईडपट्टी कशी आहे हे त्याला जास्त जवळून दिसतंय. चांगली जागा म्हणजे वावरात जायचा रस्ता, फाटा, बागेच्या गेटसमोरची मुरमाची सपाटी, शाळेसमोरचं पटांगण, बस थांबा. वाईट जागा म्हणजे मोरी, कठडा, वळण, माथा, आणि गवत वाढलेली साईडपट्टी, कारण गवताखाली चारी आहे का दगड ते कळत नाही.

5. जागा येईपर्यंत उजवा हात खाली, तळवा मागे, म्हणजे थांब. जागा आली की हळू व्हा, डावीकडे या, गाडी मोठी असेल तर थांबून डावा पाय टेकवा.

6. मग गाडीने जायचं, पण समोरचं बघून. सायकल 20 ने चालू असेल आणि तुम्ही 40 ने पुढे जात असाल तर मागून निघून नीट पुढे जाईपर्यंत साधारण साडेचार सेकंद लागतात, त्यात तुम्ही 50 मीटर पुढे जाता, आणि समोरून कोणी 40 नेच येत असेल तर तो पण 50 मीटर जवळ येतो. म्हणजे निदान 100 मीटर साफ दिसला पाहिजे, आणि थोडं वरचं धरा. सायकलवाला थांबलेला असेल तर हेच काम 15-20 च्या स्पीडने दोन-तीन सेकंदात होतं. म्हणून तर म्हणतोय, थांबलेल्या सायकलच्या बाजूने हळू जाणं हे चालत्या सायकलच्या बाजूने जोरात जाण्यापेक्षा दोघांच्याही फायद्याचं.

7. पुढे गेल्यावर लगेच डावीकडे कट मारायचा नाही. सायकल आतल्या आरशात पूर्ण दिसली की मगच. आणि ट्रॉली असेल तर ट्रॉलीची लांबी धरा, मागचा भाग अजून सायकलच्या बाजूलाच असतो आणि ड्रायव्हर डावीकडे वळवून मोकळा होतो.

साईडपट्टीवर कोणी उतरायचं हा कायमचा वाद. माझं उत्तर, ज्याला उतरणं सोपं त्याने. कार आणि रिकामी पिकअप कोरड्या दिवसात उजवी दोन चाकं सावकाश खाली घेऊ शकतात, त्यांनी घ्यावीत. भरलेला ट्रॅक्टर, एसटी, आयशर यांनी उतरू नये, पावसाळ्यात तर अजिबात नाही, साईडपट्टी खचली की गाडी कलंडते. तिथे सायकलवाल्याने थांबून, उतरून, सायकल उचलून बाजूला व्हावं. यात कमीपणा कसला. दहा टन उसापुढे हक्क सांगून करणार काय.

> इशारा: चालत्या सायकलवरून खाचेत उतरलात तर परत डांबरावर चढायला जाऊ नका. चाक कडेला घासत राहतं आणि माणूस आडवा पडतो, तो पण उजवीकडे, गाडीच्या बाजूला. तसंच खालूनच चालवत हळू व्हा, थांबा, सायकल उचलून वर ठेवा.

> इशारा: "जा, जा" असा हात करून मागच्याला बोलावू नका. समोरून काय येतंय ते त्याने त्याचं बघायचं. तुम्ही फक्त "थांब" दाखवा आणि नंतर स्वतः बाजूला व्हा.

एक गाडी गेली की सायकलवाला लगेच परत आत येतो, आणि मागे दुसरी असते. पहिल्या गाडीच्या आवाजात दुसरीचा आवाज बुडतो. पिकअप तर जोडीने येतात. म्हणून गाडी गेली की आधी आरसा, मग मान, मग डांबर.

टप्पा 5: गाडी समोरून आली

इथे विचार करायला वेळ कमी. गाडी 40 आणि सायकल 25 म्हणजे दोघं मिळून ताशी 65 ने जवळ येताय, सेकंदाला 18 मीटर. शंभर मीटरवर दिसलात तर साडेपाच सेकंद.

दोघांनीही आधी स्पीड कमी करायचा, मग बाकी सगळं. लोक उलटं करतात, आधी डिपर मारतात, मग डावीकडे सरकतात, आणि अगदी शेवटी ब्रेक. डिपर मारला म्हणजे "मी येतोय, तू हो बाजूला" असा आपल्याकडे सरसकट अर्थ झालाय, त्यामुळे समोरच्याने डिपर दिला तर तो थांबेल असं सायकलवाल्याने कधीच समजू नये.

ज्याच्या बाजूला जागा आधी येते तो थांबतो. गाडीच्या डावीकडे बागेचं गेट असेल तर गाडीने तिथे आत घ्यायचं, आणि जागा गाडीच्या उजवीकडे असेल तर ओलांडून तिकडे घुसायचं नाही, आपल्याच बाजूला थांबायचं आणि सायकलला त्या जागेतून जाऊ द्यायचं. हे घुसणं फार दिसतं. समोरचा सायकलवाला नेमका त्याच जागेकडे येत असतो आणि दोघं तिथेच भेटतात.

थांबलेल्या गाडीच्या बाजूने सायकल घेऊन जाताना आत माणसं बसलीयेत का बघा, दार उघडू शकतं. गाडीवाल्याने चाकं सरळ ठेवून थांबायचं, वळलेली असली की सायकलवाल्याला कळत नाही हा निघतोय का थांबलाय.

रात्री किंवा पहाटे समोरच्याचा हाय बीम डोळ्यावर आला तर सायकलवाल्याने नजर डाव्या कडेवर ठेवायची आणि हळू होत थांबायचं. दिसत नसताना अंदाजाने चालवत राहणं म्हणजे खाचेत जाणं. आणि गाडीवाल्यांनो, समोर एकच लाईट दिसला की ती मोटारसायकलच असेल असं नाही. सायकल दिसली की लो बीम.

> तपासा: थांबल्यावर समोरच्याच्या डोळ्यात बघा. त्याने तुम्हाला बघितलंय हे कळेपर्यंत हलू नका.

टप्पा 6: चढ, उतार, घाट

नियम सरळ आहे आणि तो वाहतुकीच्या नियमातच लिहिलेला आहे, दोघं एकाच वेळी नीट जाऊ शकत नाहीत अशा चढाच्या रस्त्यावर उतरणाऱ्या गाडीने बाजूला थांबायचं आणि चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. चढावर एकदा थांबलं की परत उचलणं अवघड, भरलेल्या गाडीला पण आणि सायकलला पण. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाताना किंवा पहिन्याच्या घाटात हे उलटंच दिसतं, वरून येणारा जोरात येतो आणि चढणाऱ्याने कठड्याला चिकटावं अशी अपेक्षा.

चढावर सायकलचा स्पीड 7-8 वर येतो आणि हँडल आपोआप डावं-उजवं होतं, उभं राहून पेडल मारत असेल तर आणखीच. मागच्या गाडीवाल्याने तेवढं जास्त अंतर ठेवा. तुम्ही मागे अगदी चिकटलात की तो घाबरून जोर लावतो, धाप लागते आणि जास्त हलतो. सायकलवाल्याने मागे गाड्या जमल्या की पुढच्या सपाटीला थांबून सोडायच्या. दोन-तीन गाड्या झाल्या की थांबा, सातव्या गाडीची वाट बघू नका, तोवर पहिल्याचा संयम संपलेला असतो.

उतारावर गाडी सायकलच्या मागे असेल तर पुढे जायची घाई करूच नका, सायकल तुमच्याएवढ्याच स्पीडने चाललीये. पुढे गेलात की वळणावर तुम्ही ब्रेक मारणार आणि तो तुमच्या डिकीत.

टप्पा 7: ग्रुपने चालला असाल तर

रविवारचे ग्रुप. हौस मोठी, आवाज मोठा, आणि शिस्त बेताची.

आतल्या रस्त्यावर चार-पाच जणांचे तुकडे करा आणि दोन तुकड्यांत निदान 50 मीटर सोडा, म्हणजे गाडीला मधे शिरून थांबायला जागा मिळते. पंधरा जणांची सलग रांग कोणत्याच गाडीला सुरक्षितपणे ओलांडता येत नाही, मग ती अर्ध्यात घुसते आणि समोरून कोणी आलं की रांगेवरच येते. जोडीने गप्पा मारत चालणं मोकळ्या, लांबवर दिसणाऱ्या रस्त्यावर ठीक, गाडीचा आवाज आला की एक लाईन. शेवटच्याचं काम "मागून गाडी" ओरडणं, पहिल्याचं "समोरून". मधल्यांनी ते पुढे-मागे पोचवायचं. एवढंच ठरवा, खाणाखुणांची मोठी यादी केली की कोणाच्या लक्षात राहत नाही.

एक लाईन करताना उजवीकडचे पुढे सरकणार का डावीकडचे हे निघतानाच ठरवून घ्या. नाहीतर दोघंही एकमेकांना जागा देत बसतात आणि गाडी मागे ताटकळते.

थांबायचं तर सगळे एकाच बाजूला आणि डांबराच्या पूर्ण बाहेर. निम्मे इकडे, निम्मे तिकडे आणि मधून पाण्याची बाटली फेकाफेकी, हे बंद करा. धरणाचा फोटो वळणावर उभं राहून चांगला येतो हे मान्य, तरी नको.

कुत्रं मागे लागलं तर सायकलवाला कुठेही वळू शकतो. मागच्या गाडीने ते दिसताच सरळ थांबावं. मेंढरांचा कळप आला तर दोघांनी इंजिन आणि पेडल दोन्ही थांबवा, मेंढपाळ दोन मिनिटात रस्ता करून देतो.

टप्पा 8: तरीही धक्का लागलाच तर

आधी रस्ता बघा. पडलेला माणूस वळणावर असेल तर दोन्ही बाजूला 40-50 मीटरवर एकेक माणूस उभा करा, गाडीचे चारही इंडिकेटर लावा, रस्त्यावर झाडाची फांदी टाका. मान किंवा पाठ दुखतेय असं तो म्हणत असेल तर उचलून मांडीवर घेणं, बसवणं, पाणी पाजणं हे करू नका, श्वास नीट चाललाय ना ते बघत रहा आणि 108 ला फोन करा. पोलिसांसाठी 112. आतल्या रस्त्यावर पत्ता सांगणं अवघड जातं, म्हणून जवळचं गाव, फाटा, शाळा किंवा मंदिर यातलं काही सांगा आणि एकाला मोटारसायकलवर मेन रोडला उभा करा.

गाडीवाल्याने पळायचं नाही. जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही कायद्याने ड्रायव्हरची जबाबदारी आहे. जमाव जमून जिवाला धोका वाटत असेल तर सरळ जवळचं पोलीस स्टेशन गाठा, पण आधी 108 लावा. मदतीला थांबलेल्या तिसऱ्या माणसाने घाबरायचं कारण नाही, मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव-पत्ता द्यायची सक्ती करता येत नाही आणि चांगल्या हेतूने केलेल्या मदतीबद्दल त्याच्यावर कारवाई होत नाही, 2019 च्या दुरुस्तीने हे मोटार वाहन कायद्यातच आलंय.

फोटो काढा, गाड्या हलवायच्या आधी: रस्त्याची रुंदी दिसेल असा, कड आणि खाच दिसेल असा, गाडीचा नंबर, ब्रेकच्या खुणा. भांडण नंतर करा, हवं तर.

काही लागलं नाही असं वाटलं तरी लगेच सायकलवर बसून निघू नका. दहा मिनिटं बसा, गरगरतंय का, मळमळतंय का बघा, आणि तसं असेल तर सायकल कोणाच्या तरी पिकअपमध्ये टाकून थेट डॉक्टरकडे. सायकल ठीक वाटली तरी चाक फिरवून बघा ब्रेकला घासतंय का, हँडल सरळ आहे का, पुढच्या फोर्कला कुठे चीर आहे का. आणि डोकं आपटलं असेल तर ते हेल्मेट दिसायला कितीही धड असो, परत वापरू नका.